साडेतीनचा थांबा

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याची आहेत: भूक नसताना खाणं. कुणी त्याला चाळा म्हणतं, कुणी तोंड चाळवणं. जतच्या एका काकांनी ‘सारखा चरत असतो’ असं स्वतःबद्दलच लिहिलंय. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देणं शक्य नाही. पाच-सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यात इतरांची उत्तरंही येतात.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४६, डोंबिवलीत राहते. नवऱ्याचं ऑफिस फोर्टला, सकाळी लवकरची लोकल, घरी यायला रात्रीचे नऊ. मी घरूनच दोन दुकानांचे हिशेब लिहिते, काम दोनपर्यंत आटपतं. मुलगा दीड वर्षापूर्वी शिकायला जर्मनीला गेला, आखेनला. सकाळी मी अगदी शहाण्यासारखी वागते. बिनसाखरेचा चहा, एक वाजता एक पोळी आणि भाजी. पण साडेतीन वाजले की माझं काय होतं कळत नाही. आधी दोन टोस्ट. मग फरसाणाचा डबा. मग सकाळची पोळी तूप-साखर लावून. मग गोड झालं म्हणून परत फरसाण. सहापर्यंत हेच. मुलगा कॉलेजातून साडेतीनला यायचा तेव्हा आम्ही मिळून खायचो, पण तेव्हा एवढं खाल्लं जात नव्हतं. वजन सात किलोंनी वाढलंय. डाएट तीनदा करून झालं. फरसाण आणणं बंद केलं, तर एके दिवशी बेसन भाजून त्यात साखर घालून खाल्लं. लिहितानाही लाज वाटतेय. नवरा म्हणतो, जिभेवर ताबा ठेव. तो कसा ठेवायचा तेवढं सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, टोस्ट किती, पोळी किती अशी मनात बेरीज करत. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलात डाएट चार्ट लिहिले, डोकं तसंच चालतं. दुसऱ्यांदा वाचताना ‘मुलगा साडेतीनला यायचा’ या शब्दांपाशी अडखळले. टोस्ट, फरसाण, पोळीच्या यादीत तुम्ही ते सहज टाकून दिलंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी आमच्या आबांची गोष्ट ऐका.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. बरीच वर्षं त्यांच्याकडे सकाळची मुंबई गाडी होती. सहाला सुटायची. साडेसातच्या सुमाराला शिरवळला चहा, पावणेअकराला लोणावळ्याला वडा. १९९८ साली ते निवृत्त झाले. आठवड्याभरात आईच्या लक्षात आलं, की हा माणूस पोटभर न्याहारी करूनसुद्धा बरोबर पावणेअकराला स्वयंपाकघरात येतो, फळीवरचा एकेक डबा कानाशी नेऊन हलवतो आणि ज्यात काही वाजेल तो उघडतो. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, “आली का गाडी लोणावळ्याला?” आबा हसायचे आणि शेंगदाण्यांची मूठ घेऊन बाहेर जायचे. पाच मिनिटांनी परत.

मी तेव्हा नोकरीत रुळलेली, बत्तीस वर्षांची, शहाणी. मी आबांना कॅलरी समजावून सांगितल्या. त्यांनी निमूट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला डबा उघडला.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, जपानमधल्या संशोधकांनी जठरातून पाझरणारं एक संप्रेरक शोधून काढलं. त्याचं नाव घ्रेलिन. पोट रिकामं झालं की ते वाढतं आणि मेंदूला ‘खायला बघ’ म्हणून सांगतं. पण ते घड्याळही शिकतं. रोज ज्या वेळी खाल्लं जातं त्या वेळेच्या जरा आधीच ते चढायला लागतं. आणि गंमत म्हणजे, त्या वेळी काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. हे वाचलं तेव्हा मला आबांची माफी मागावीशी वाटली. त्यांचं पोट खोटं बोलत नव्हतं. गाडी सुटली होती, पण वेळापत्रक चालूच होतं.

तुमच्याकडेही मुलाची साडेतीनची गाडी अजून येतेय. फक्त उतरणारं कुणी नाही.

आता असं बघा, आबांना लोणावळ्याला वडाच हवा असायचा का? पावणेपाच तास उभ्याने तिकिटं फाडली, सुट्ट्या पैशांवरून चार जणांशी हुज्जत घातली, की माणसाला पाठ टेकायला जागा हवी असते. तोंडावर पाणी मारायचं, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायचे. वडा त्या थांब्यात मिळायचा, म्हणून खाल्ला जायचा. तुम्हालाही साडेतीनला थांबा हवा असतो. दोनला काम संपलं, नऊपर्यंत घरात कुणी यायचं नाही, म्हणजे सात तास. कुणीही फळीकडे बघेल.

म्हणून साडेतीनचं खाणं बंद करा असं मी सांगणार नाही. तो थांबा ठेवा. तो नीट कसा करायचा ते सांगते.

त्याआधी दुपारच्या जेवणावरून थोडं रागावते. बिनसाखरेच्या चहावर सकाळ काढायची आणि एकला एक पोळी, याला तुम्ही शहाणपण म्हणता. मी उपासमार म्हणते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे शिकण्यासाठी ३६ धडधाकट तरुण आपणहून तयार झाले. त्यांना सुमारे सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं. काही आठवड्यांतच त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. गप्पा अन्नाच्या, स्वप्नं अन्नाची. स्वयंपाकाशी कधी संबंध नसलेली मुलं पाककृतींची पुस्तकं घेऊन बसायला लागली. ताटं चाटायला लागली. पुढे हवं तेवढं खायला मिळालं, तेव्हा काही जण पोट दुखेपर्यंत खायचे आणि तरी त्यांचं समाधान होईना. प्रयोगासाठी ही मुलं पारखून घेतलेली होती, खंबीर मनाची. त्यांच्या जिभेवर ताबा नव्हता असं म्हणायची हिंमत तुमचे यजमान करतील का? (आणि स्टेशनबाहेरचा वडापाव त्यांनीही हिशेबात धरावा, ही माझी आगाऊ विनंती.)

तेव्हा उद्यापासून सकाळी चहाबरोबर काहीतरी खरं खा. दुपारी दोन पोळ्या किंवा एक भाकरी, वाटीभर उसळ नाहीतर घट्ट वरण, कोशिंबीर, ताक. वाटी म्हणजे आमटीची, चटणीची नव्हे. वजन उतरवायला आलेल्या बाईला ही जास्त जेवायला सांगते, असं काही जणांना वाटेल. हो, सांगते. एकला नीट जेवलेली बाई साडेतीनला फरसाणापुढे उभी राहिली, तर निदान दोघांची बरोबरी तरी असते.

दुसरं, आठवडाभर काहीही सोडायचं नाही. फक्त लिहायचं. वही नको, ती दोन दिवसांत हरवते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकटीत, वेळ आणि एक अक्षर. भूक असेल तर भू, कंटाळा असेल तर कं, राग असेल तर रा, एकटं वाटत असेल तर ए, दमला असाल तर द. काय खाल्लं ते लिहू नका, ते तुम्हाला पाठ आहे आणि त्याचीच लाज वाटते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कॅलेंडरवर बहुतेक वेळा दोन अक्षरं तेवढी सारखी दिसतात, कं आणि द. त्यातला द कुणालाच सुचलेला नसतो. दमलेल्या माणसाने झोपायचं असतं, पण दुपारी झोपणं आपल्याकडे आळशीपणात जमा. खाणं तसं जमा होत नाही.

अक्षर ठरत नसेल तर स्वतःला विचारा : आत्ता दहीभात चालेल का? चालेल, असं उत्तर आलं तर भूक आहे. खा. दहीभात नको, शेवच हवी, असं आलं तर पोट मागत नाहीये. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, मलाही ती कधीकधी चकवते. पण बऱ्यापैकी खरं बोलते.

तिसरी गोष्ट झाकणाची. तुम्ही फरसाण कसं खाता ते मला न बघता माहीत आहे. ओट्याला टेकून उभं. डाव्या हातात मोबाइल. डब्याचं झाकण पूर्ण काढलेलं नसतं, तिरकं सरकवलेलं असतं, बोटं जातील एवढंच. पूर्ण काढलं तर ‘मी खायला बसले’ असं कबूल करावं लागेल. तिरक्या झाकणातून खाल्लेलं कधी मोजलं जात नाही आणि त्यातून मन भरत नाही. तेव्हा झाकण काढा. बशीत घ्या. डबा परत फळीवर ठेवा. टेबलाशी, बाल्कनीत, पाटावर, कुठेही बसा, पण बसा. हवं तर तूप-साखरेची पोळीसुद्धा खा. बशीत आणि बसून खाल्लेली एक पोळी मला चालते. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. उभ्याने खाणाऱ्याचा डबा त्याआधीच तळाला गेलेला असतो.

फरसाण घरातून हद्दपार करू नका. तुम्ही केलंत आणि बेसन भाजलंत. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगीच नाही आली. अर्धा किलोऐवजी शंभर ग्रॅम आणा, संपलं की परत जा. फडके रोडपर्यंत चालणं होईल.

आणि त्या बेसनाबद्दल. तुम्हाला त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते, पण मला पत्रात तेच सगळ्यांत आवडलं. बेसन मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहावं लागतं. हात भरून येतो. रंग बदलतो, घरभर वास सुटतो. त्या वीस मिनिटांत तुम्ही कंटाळला नव्हता, हे पैजेवर सांगते. म्हणजे हाताला काम आणि घराला वास मिळाला की कंटाळा जातो, हे तुम्हीच शोधून काढलंय. शेवटी त्यात साखर पडली, एवढंच.

आता डबल बेल. एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. थांबा कितीही छान असला तरी आबा घड्याळ बघून डबल बेल द्यायचे, कपबशीत चहा राहिला असला तरी. तुमचा थांबा साडेतीन ते चार. चारला डबल बेल. स्वयंपाकघराचा दिवा बंद, पायात चपला आणि खाली. चारला कुठेतरी माणसांत असायला हवं. भाजी, वाचनालय, भजनी मंडळ, शिवणाचा क्लास, काहीही. मोबाइल चालणार नाही, त्याच्यात माणसं असतात पण ती आपल्याला ओळखत नाहीत.

शनिवारी मात्र मुलाला फोन लावा. तुमचे साडेतीन म्हणजे आखेनला उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात अकरा. त्यालाही जेवायचंच असतं. त्याने तिकडे ताट घ्यावं, तुम्ही इकडे बशी घ्यावी. त्याला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त गरज असेल. आठवडाभर परक्या देशात एकटं जेवणारी मुलं आईला ते सांगत नाहीत.

आबांना यातून निघायला दोनेक महिने लागले. आई त्यांना साडेदहाला राजवाड्याजवळच्या वाचनालयात पिटाळायची. शेंगदाणे खिशात असायचे, पण तिथल्या शांततेत कुडुमकुडुम आवाज झाला की चार माना वळतात. महिन्याभराने आई धुवायला कपडे काढताना म्हणाली, “खिशातले दाणे तसेच आहेत हो.” तरीही आबा शेवटपर्यंत पावणेअकराला घड्याळाकडे बघायचे, हे खरं.

जाता जाता : सेहेचाळीसाव्या वर्षी पाळी अनियमित होऊ लागते, झोप तुटते. सात किलो वाढलेत तर एकदा थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. सगळंच मनावर ढकलू नये.

प्रश्न : मॅडम, वय २९, आयटीत आहे, हिंजवडी. वाकडला तीन मित्र मिळून राहतो. अमेरिकेतल्या टीमबरोबरचा कॉल रात्री सव्वाबाराला संपतो. तो संपला की मी ऑर्डर करतो. बिर्याणी, कधी रोल, कधी नुसता केक. आठवड्यात चार रात्री तरी. खरं सांगू का, ऑर्डर करताना भूक असतेच असं नाही. पण ॲपमधल्या नकाशावर तो डिलिव्हरीवाला जवळ जवळ येताना बघायला बरं वाटतं. सकाळी आठला उठावं लागतं. पोट सुटलंय आणि पैसेही जातात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नकाशावरच्या ठिपक्याचं वाक्य लिहिलंत, याबद्दल आभार. इतकं प्रामाणिक कुणी लिहीत नाही. दिवसभर सगळे तुमच्याकडून काही ना काही मागत असतात. मध्यरात्री एकच माणूस तुमच्यासाठी काहीतरी घेऊन निघालेला असतो. बिर्याणीपेक्षा ते बघणंच महाग पडतंय तुम्हाला.

पण जेवण किती वाजता होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. कॉलच्या आधी घाईत, सातला? मग बारापर्यंत भूक लागणारच. दहाला, दोन कॉलच्या मध्ये, दुसरं छोटं जेवण ठेवा. दहीभात, दूधपोहे, उकडलेली अंडी आणि पोळी, मुगाचं घावन, तुमच्या स्वयंपाकाच्या मावशी जे करून ठेवतील ते. वाटी भरून, टेबलावर, लॅपटॉपपासून दूर.

झोपेचंही बघा. एकला बिर्याणी, दोनला डोळे मिटणार, आठला गजर. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. मनसोक्त झोपेच्या रात्रींशी ताडून पाहिलं, तर भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलेलं होतं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन १८ टक्के घटलेलं. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढ सगळ्यांत जास्त वाढली. तुमची झोप इतकी कमी नाही, पण दिशा तीच आहे.

ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. सोळा आकडे दर वेळी टाकायचे म्हटले की निम्म्या रात्री तुम्हीच कंटाळाल. कंटाळा कधीतरी आपल्याही कामी यावा. कॉल संपला की लॅपटॉप बॅगेत घालून बॅगेची चेन लावा, तोंड धुवा, दहा मिनिटं गच्चीत नाहीतर बाल्कनीत जा. तुमच्या दिवसाला शेवटच नाही, म्हणून तुम्ही तो बिर्याणीने करता. शुक्रवारी मात्र तिघांनी मिळून मागवा, ताटात वाढून घ्या. त्या रात्री ठिपकाही बघा.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा. शाळेतून आला की दर दहा मिनिटांनी, “आजी, काहीतरी दे ना.” मी बिस्किट देते. सून म्हणते देऊ नका. मग तो रडतो, मग मी देते, मग सून रागावते. मी काय करू?
— एक आजी, नाशिक

उत्तर : काकू, तो ‘बिस्किट दे’ म्हणत नाही, ‘काहीतरी दे’ म्हणतो. त्या ‘काहीतरी’त तुम्ही आलात, पत्त्यांचा डाव आला, गोष्ट आली. शाळेतून आल्यावर मात्र एकदा पोटभर खायला द्या, पोळीचा लाडू, थालीपीठ, काहीही. मुलं खरंच भुकेली येतात. त्यानंतर त्याच्यापुढे ओल्या शेंगांची नाहीतर मटाराची परात ठेवा आणि म्हणा, मला सोलून दे. निम्मे तो खाईल. खाऊ दे. सोलून खाताना वेळ जातो, हात गुंततात आणि ‘आजीला मदत केली’ म्हणून छाती फुगते ती वेगळीच.

एकच करू नका. रडणं थांबवायला बिस्किट. आठव्या वर्षी ते सोपं वाटतं. वर मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या मुलाला उत्तर दिलंय, ते सुनेलाही वाचायला द्या. आणि तुमची सून बरोबर बोलते हे तिला एकदा सांगून टाका, म्हणजे घरातलं निम्मं काम होईल.

प्रश्न : वय ६७, निवृत्त शिक्षक, मधुमेहाची गोळी चालू. रोज साडेअकराच्या सुमारास हावरटासारखी भूक लागते, हात थरथरतात, घाम येतो. लाडू खाल्ला की बरं वाटतं. पत्नीच्या मते ही सवय आहे, रिकामपणामुळे. खरं काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर, तुमचं पत्र या ढिगात चुकून आलंय, पण उत्तर सगळ्यांत आधी तुम्हाला फोनवर द्यावंसं वाटलं. थरथर आणि घाम ही रिकामपणाची भूक नव्हे. रक्तातली साखर खाली जात असण्याची शक्यता आहे. काही गोळ्यांनी असं होतं, विशेषतः न्याहारी कमी झाली किंवा उशिरा झाली तर. पुढच्या वेळी असं होताच लगेच यंत्रावर साखर बघा. ७०च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. लाडू नको, त्यातल्या तुपामुळे साखर चढायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, बरं वाटलं की थोडं जेवा. आकडा आणि वेळ लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोवर त्या वेळेला स्कूटर चालवू नका. आणि काकूंना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : (मजकूर छापत नाही.)

उत्तर : कोल्हापूरच्या मैत्रिणी, तुझं पत्र मिळालं. रात्री लपून खूप खाणं आणि मग ओकून टाकणं, हे तू कुणालाच सांगितलेलं नाहीस असं लिहिलं आहेस. मला सांगितलंस, म्हणजे सुरुवात झाली. हा आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. माझ्या सदरातलं उत्तर त्याला पुरणार नाही. वारंवार ओकल्याने दात झिजतात, ते दिसतं तरी. पण रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, ते दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. एकदम जायची भीती वाटत असेल तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. गेलीस की मला एक ओळ लिही.

प्रश्न : ताई, सगळ्यांना सांगता. तुम्ही स्वतः कंटाळा आला की काय खाता? खरं सांगा हं.
— एक खोडकर वाचक, फलटण

उत्तर : खारी.

नोकरीत असताना टेबलाच्या खालच्या खणात पुडा असायचा. वर रुग्णांचे चार्ट, खाली खारी. एकदा एका वरिष्ठांनी राउंडला सगळ्यांसमोर मला झापलं. चूक माझी नव्हती, पण तिथे बोलायची सोय नव्हती. खोलीत आले, खण तिरका उघडला आणि चार्ट लिहीत बसले. संध्याकाळी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात, धान्य मोजायच्या काट्यावर उरलेला पुडा ठेवला. दोनशे ग्रॅमच्या पुड्यात वीस ग्रॅम चुरा होता. शेजारी त्याच काट्यावर मी दिवसभर रुग्णांचं पनीर मोजून दिलं होतं. आचारी मामा बघत होते. काही बोलले नाहीत. एक कप चहा करून आणला आणि समोर स्टूल टाकलं, बसायला. सबंध दिवसात मी पहिल्यांदा बसले होते.

खारी अजून खाते. गुरुवारी, दोन, चहात बुडवून, गॅलरीतल्या खुर्चीत बसून. गेल्या गुरुवारी मात्र पाच झाल्या. फोनवर धाकट्या बहिणीशी जमिनीवरून वाद चालू होता, आणि पुडा मांडीवरच होता.